एमएस्सीनंतर आर्क्टिक समुद्रावर संशोधन करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

याच विषयात पीएचडी करून सध्या पोस्टडॉक करते आहे, त्यावरून सांगते. स्टेशन, जहाज, मोहीम हे सगळं नंतर. आधी प्रश्न ठरवा, आणि जमलं तर हिवाळ्याचा ठरवा.

आर्क्टिक समुद्राची बरीचशी माहिती उन्हाळ्यात गोळा झालेली आहे, कारण बर्फ कमी असतो तेव्हाच तिथे पोहोचणं सोपं. ध्रुवीय रात्रीत, म्हणजे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही त्या काळात, समुद्रातलं जीवन जवळपास थांबतं असं बरीच वर्षं मानलं जायचं. प्रत्यक्षात स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांच्या आसपास आणि इतरत्र घेतलेल्या नोंदींत दिसलं की पौर्णिमेच्या सुमारास प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, चंद्रप्रकाश टाळून पन्नासेक मीटर खाली उतरतात. सूर्य नाही, तरी खालीवर जाणं चालूच! पुढे 2020 मध्ये आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली: जहाजाच्या नेहमीच्या कामाच्या दिव्यांनीसुद्धा 200 मीटर खोलीपर्यंतचे मासे आणि प्लवंग आपलं वागणं बदलतात. म्हणजे अंधारातल्या जिवांची मोजणी आपण दिवे लावून करत होतो. मला हे अजूनही अस्वस्थ करतं, कारण माशांच्या साठ्याचे अंदाज अशाच मोजणीवर उभे असतात.

दुसरा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे कॅलानस. तांदळाच्या दाण्याएवढा हा कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातला बारीक प्राणी) वसंतात शैवाल खाऊन चरबी साठवतो आणि त्यावर ध्रुवीय कॉड मासे आणि लिटल ऑक पक्षी जगतात. अटलांटिकचं कोमट पाणी आत शिरतंय तसा त्याच्यासोबत आर्क्टिकमधल्या कॅलानस ग्लेशियालिसपेक्षा लहान, कमी चरबीचा कॅलानस फिनमार्किकस येतोय. खाणाऱ्याला तितक्याच घासांतून कमी ऊर्जा मिळते.

वाटा आहेत. स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंड या संशोधन वस्तीत 2008 पासून भारताचं हिमाद्री केंद्र आहे, जवळच्या कॉंग्सफ्योर्ड या खाडीत 2014 साली इंडआर्क ही पाण्याखालची वेधशाळा सोडली गेली, आणि डिसेंबर 2023 पासून भारतीय तुकड्या हिवाळ्यातही जाऊ लागल्या. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. नवोदित ध्रुवीय संशोधकांची एपेक्स ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचं सदस्यत्व मोफत आहे.

समुद्रावरचे दिवस थोडेच मिळतात, उरलेलं वर्ष सूक्ष्मदर्शक आणि संगणकासमोर जातं. तेव्हा आर (R) ही सांख्यिकीची संगणकभाषा शिका, सांख्यिकी पक्की करा, डीएनएवरून प्रजाती ओळखायला शिका. कॅलानसच्या या दोन जाती नुसत्या आकारावरून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत.