मोजावेहून मॉन्टेरेवर जाताना आतली एसएसडी आधी फॉरमॅट करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची मॅकबुक एअर, १२८ जीबीची एसएसडी, त्यावर मोजावे ही मॅकची जुनी सिस्टिम, आणि जेमतेम ९ जीबी जागा शिल्लक. क्रोम अपडेट होत नाही म्हणून मॉन्टेरे ही तिच्यापुढची सिस्टिम टाकायचीय. ओळखीतल्या कुणी सांगितलं की आधी डिस्क साफ फॉरमॅट मारा, नाहीतर नवी सिस्टिम रडतखडत चालेल. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की दिवाळी अंकाची पानं अजून अडोबीच्या जुन्या इनडिझाइन सीएस६ मध्येच लावता.

माझं मत: फॉरमॅट करा, पण मशीन पळायला लागेल म्हणून करू नका. तुमच्याकडे जागा नाही, एवढं एकच कारण पुरेसं आहे. आणि फॉरमॅटपेक्षा मोठा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत टाकलाय, तो सीएस६ चा. त्याकडे येतोच.

नवी सिस्टिम म्हणजे आधी फॉरमॅट, ही सवय आपल्यापैकी बऱ्याच जणांना विंडोज एक्सपीच्या काळात लागली. सी ड्राइव्ह उडवला की मशीन खरंच हलकं व्हायचं. मॅकवर आता तसं राहिलेलं नाही. २०१९ च्या कॅटलिना या मॅकओएसपासून सिस्टिम आणि तुमचा डेटा दोन वेगळ्या व्हॉल्यूमवर (डिस्कच्या भागांवर) राहतात आणि सिस्टिमचा व्हॉल्यूम फक्त वाचता येतो. २०२० च्या बिग सरपासून तर त्याला डिजिटल सीलही लागतं. म्हणजे मॉन्टेरे टाकताना सिस्टिमचा भाग आख्खा नव्यानेच बसतो, तुम्ही डिस्क पुसा किंवा नका पुसू. जुन्या सिस्टिमचा गाळ खाली राहून जाईल ही भीती सोडून द्या.

गाळ असतोच, पण तो तुमच्या डेटाच्या बाजूला. कधीकाळी टाकलेला आणि नंतर विसरलेला अँटिव्हायरस, 'मॅक क्लीन करून देतो' म्हणणारी अ‍ॅप्स, विकून टाकलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर, लॉगिन होताच गुपचूप सुरू होणारे मदतनीस प्रोग्राम. हे सगळं लायब्ररी फोल्डरमध्ये बसलेलं असतं. डिस्क फॉरमॅट करून नंतर मायग्रेशन असिस्टंटने (बॅकअपमधून जुनं सगळं परत आणणाऱ्या मॅकच्या प्रोग्रामने) सरसकट सगळं परत आणलं, तर यातलं बरंचसं पुन्हा जागच्या जागी. लोक दिवसभर खपतात आणि संध्याकाळी 'फॉरमॅट करूनही स्लोच आहे' म्हणतात, ते यामुळे.

एपीएफएससाठी (डिस्कवर फायली ठेवायच्या अ‍ॅपलच्या नव्या पद्धतीसाठी) फॉरमॅट लागतं असंही कुणी सांगेल. २०१७ च्या हाय सिएराने एसएसडी असलेल्या मशीनवर ते रूपांतर आपोआप केलं होतं. तुम्ही मोजावेवर आहात, तुमची डिस्क एपीएफएसच आहे.

मग पुसायचं कधी? डिस्क युटिलिटी या मॅकच्या प्रोग्राममधल्या फर्स्ट एडने, म्हणजे डिस्कच्या तपासणीने, 'दुरुस्त करता येत नाही' असं सांगितलं तर. मशीन दुसऱ्याच्या हातून आलं असेल तर. आणि तुमच्यासारखी जागा संपली असेल तर. सिएरा किंवा त्यापुढच्या सिस्टिमवरून मॉन्टेरेवर जायला अ‍ॅपल २६ जीबी मोकळी जागा मागतं, आणि १२ जीबीच्या आसपासचा इन्स्टॉलर उतरवायलाही जागा लागते. नऊ जीबीत तो डाउनलोडसुद्धा होणार नाही. काटछाट करून जागा काढून बघू, असं करू नका. बिग सरचे सुरुवातीचे इन्स्टॉलर जागा नीट न तपासताच पुढे जायचे आणि मशीन अर्ध्यात अडकायचं. ११.२.१ मध्ये तो दोष दुरुस्त झाला, पण काठोकाठ भरलेल्या डिस्कवर अपग्रेड रेटायचं नाही हा माझा नियम कायम आहे.

आता सीएस६. मोजावे ही ३२-बिट, म्हणजे जुन्या घडणीचे प्रोग्राम चालवणारी शेवटची मॅकओएस. कॅटलिनापासून ते बंद. इनडिझाइन सीएस६ हा ३२-बिट आहे, म्हणजे मॉन्टेरेवर तो उघडणार नाही. फोटोशॉप सीएस६ स्वतः ६४-बिट असला तरी त्याचा इन्स्टॉलर आणि परवाना तपासणारा भाग ३२-बिट, त्यामुळे त्याच्यावरही विसंबू नका. आणखी काय काय बंद पडेल ते आधीच बघून घ्या: अ‍ॅपल मेनूतून 'अबाउट धिस मॅक', मग सिस्टिम रिपोर्ट, आणि डाव्या यादीत 'लेगसी सॉफ्टवेअर'. तिथे दिसेल ते सगळं मोजावेबरोबर जाणार.

यावर उपाय म्हणजे मोजावे फेकायचीच नाही. एक बाहेरची एसएसडी घ्या, २५० किंवा ५०० जीबीची, आणि आतल्या डिस्कचा बूट होणारा क्लोन (जिच्यावरून मॅक थेट चालू होतो अशी हुबेहूब प्रत) तिच्यावर करा. कार्बन कॉपी क्लोनर किंवा सुपरडुपर, क्लोन करणारे हे दोन्ही प्रोग्राम चालतील, फक्त मोजावेवर चालणारी आवृत्ती बघून घ्या. फिरती हार्ड डिस्क वापरू नका. एपीएफएसवरची मोजावे तिच्यावर इतकी रांगते की काम करवत नाही. तुमच्या एअरला यूएसबी-ए पोर्ट आहेत, तेव्हा नुसती टाइप-सी केबल घेऊन येऊ नका. आणि २०१७ च्या एअरमध्ये टी२ ही अ‍ॅपलची सुरक्षा चिप नाही, ही तुमची जमेची बाजू. बाहेरच्या डिस्कवरून बूट करायला कुठलीही सिक्युरिटी सेटिंग बदलावी लागत नाही.

नवी एसएसडी बहुधा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये आणि विंडोजला सोयीच्या पार्टिशन रचनेत येते. तशीच वापरली तर मॅक तिच्यावरून उठणार नाही. डिस्क युटिलिटी उघडा आणि आधी वर 'व्ह्यू' मेनूत 'शो ऑल डिव्हायसेस' करा. हे न केल्यानेच निम्मे घोटाळे होतात. मग डावीकडे प्रत्येक डिस्कखाली पायऱ्या दिसतात. तुमच्या आतल्या डिस्कच्या तीन असतील: सगळ्यात वर 'अ‍ॅपल एसएसडी' ने सुरू होणारं लांबलचक नाव, त्याच्या आत 'कंटेनर', आणि त्याच्या आत 'मॅकिंटॉश एचडी'. पुसताना सगळ्यात वरची ओळ निवडायची. बाहेरच्या एसएसडीलाही तसंच: वरची ओळ, इरेज, फॉरमॅट एपीएफएस, स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप. स्कीमचा पर्यायच दिसत नसेल तर तुम्ही चुकीच्या ओळीवर आहात. 'केस-सेन्सिटिव्ह' लिहिलेला एपीएफएस निवडू नका, अडोबीचे जुने इन्स्टॉलर त्याच्यावर बसायला नकार देतात. हा सराव रिकाम्या डिस्कवर होतोय हे उत्तमच, आतल्या डिस्कच्या वेळी हात थरथरणार नाही.

क्लोन झाला की मशीन बंद करा, ऑप्शन की दाबून ठेवून चालू करा आणि बाहेरची डिस्क निवडा. मोजावे उठली, सीएस६ उघडलं, गेल्या वर्षीच्या अंकाची फाइल फाँटसकट नीट दिसली, तरच पुढे जायचं. टाइम मशीनचा बॅकअप असला तर छानच, तोही घ्या. पण टाइम मशीनमध्ये सगळं आलंय की नाही हे कळायला परत आणून बघावं लागतं, क्लोन मात्र तिथल्या तिथे चालवून बघता येतो. म्हणून अशा कामात माझा भरवसा क्लोनवर.

एका जागी दोन्ही बॅकअप फसवतात. फोटोजमध्ये किंवा आयक्लाउड ड्राइव्हमध्ये 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' चालू असेल, तर बऱ्याच मूळ फायली तुमच्या डिस्कवर नसतातच, नुसत्या लहान प्रती किंवा नावापुरत्या खुणा असतात. डिस्कवर नाही ते बॅकअपमध्ये येणार कुठून? १२८ जीबीच्या मशीनवर हा पर्याय हमखास चालू असतो. महत्त्वाचे फोटो खरोखर आयक्लाउडवर चढलेत ना, ते ब्राउझरमधून लॉगिन करून डोळ्यांनी बघा. मेल पीओपीने (सर्व्हरवरून उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीने) येत असेल तर तो फक्त याच डिस्कवर असण्याची शक्यता आहे. क्लोनमध्ये मेल उघडून जुनी पत्रं दिसतात का पाहा.

पुढचं काम क्लोनवरूनच करा. ५०० जीबीच्या एसएसडीवर जागाच जागा असते, तेव्हा मॉन्टेरेचा इन्स्टॉलर तिथेच अ‍ॅप स्टोअरमधून उतरवता येतो. पेनड्राइव्ह बनवायची गरज नाही, इंटरनेट रिकव्हरीवर तासन् तास फिरता गोल बघायची गरज नाही, आणि मध्येच लाइट जाऊन राउटर बंद पडला तरी सगळं पुन्हा उतरवावं लागत नाही. एकदा उतरलेला इन्स्टॉलर तुमच्या हातात असतो. कुणी जुन्या पेनड्राइव्हवरचा इन्स्टॉलर देऊ केला तर घेऊ नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये अ‍ॅपलचं एक प्रमाणपत्र संपलं आणि त्याआधी उतरवलेले मोजावे-हाय सिएराचे अनेक इन्स्टॉलर 'डॅमेज्ड आहे' म्हणून अडू लागले. फाइल धडधाकट असते, पण लोक पेनड्राइव्हलाच दोष देत बसतात.

पुसण्याआधी आतल्या मोजावेत जाऊन आयक्लाउडमधून साइन आउट करा, म्हणजे 'फाइंड माय मॅक' सुटतं. मग क्लोनवरून बूट, डिस्क युटिलिटी, आतल्या डिस्कची सगळ्यात वरची ओळ, इरेज. दोन-चार सेकंदांत संपतं. एवढ्या लवकर झालं म्हणजे नीट पुसलं गेलं नाही असं वाटू देऊ नका. एसएसडीवर पुन्हा पुन्हा शून्यं लिहून पुसण्यात फायदा नाही, नुसती झीज होते. मग इन्स्टॉलर चालवा, 'शो ऑल डिस्क्स' करून आतली डिस्क निवडा, चार्जर लावून ठेवा आणि जेवून या. मध्ये दोन-तीनदा स्क्रीन काळी होईल, मशीन स्वतःहून रीस्टार्ट होईल, पट्टी उलट मागे गेल्यासारखी वाटेल. बटणाला हात लावायचा नाही.

(कॅटलिना किंवा पुढची सिस्टिम असलेल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे 'मॅकिंटॉश एचडी' आणि 'मॅकिंटॉश एचडी - डेटा' असे दोन व्हॉल्यूम असतात. त्यातला एकच पुसला तर दुसरा लोंबकळत राहतो आणि नव्या इन्स्टॉलनंतर 'डेटा - डेटा' असलं काहीतरी दिसायला लागतं. वरची ओळ पुसली की हा गोंधळ होत नाही. टी२ किंवा एम चिपच्या मॅकवर मॉन्टेरे किंवा पुढचं असेल तर सेटिंगमध्येच 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' आहे, तेच वापरा.)

मॉन्टेरे उठली की मायग्रेशन असिस्टंट विचारेल. तुमच्या बाबतीत मी 'नाही' म्हणेन. नवं खातं काढा आणि क्लोनवरून हाताने कॉपी करा: डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो. दोन गोष्टी राहून जातात. पहिली म्हणजे फाँट. ते मुख्य लायब्ररीच्या फाँट्स फोल्डरमध्ये असतात, आणि काही तुमच्या खात्याच्या लपवलेल्या लायब्ररीत. फाइंडरमध्ये ऑप्शन दाबून 'गो' मेनू उघडला की ती दिसते. दुसरी म्हणजे मराठी टायपिंगचा स्वतंत्र कीबोर्ड लेआउट टाकला असेल तर तो. तो त्याच लायब्ररीतल्या 'कीबोर्ड लेआउट्स' मध्ये असतो. ऐन अंकाच्या धावपळीत बोटांना सवयीची अक्षरं सापडली नाहीत की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

पहिला दिवस पंखा फिरेल, बॅटरी भराभर उतरेल. स्पॉटलाइट, म्हणजे मॅकमधला शोध, नव्याने सूची बनवत असतो, फोटोज चेहरे शोधत असतं. लगेच 'मॉन्टेरे जड आहे' असा निकाल देऊ नका. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा.

मॉन्टेरेकडून किती अपेक्षा ठेवायची तेही सांगतो. मोजावेवर क्रोम ११६ व्या आवृत्तीला थांबलं, मॉन्टेरेवर त्यापुढच्या आवृत्त्या चालतात. पण तुमच्या एअरला मॉन्टेरेच शेवटची, तिच्यापुढची व्हेंच्युरा २०१८ च्या एअरपासून पुढे चालते, आणि मॉन्टेरेचे सुरक्षा अपडेटही जुलै २०२४ च्या १२.७.६ नंतर आलेले नाहीत. ओपनकोअर लेगसी पॅचरने पुढची सिस्टिम बसवणारे लोक आहेत. रोजच्या पोटापाण्याच्या मशीनवर मी ते करणार नाही.

अंकाच्या दिवसांत ऑप्शन दाबून बाहेरच्या मोजावेत जाल तेव्हा 'इनकम्पॅटिबल डिस्क' असा इशारा येईल. मोजावेला मॉन्टेरेचा आतला व्हॉल्यूम पूर्ण समजत नाही म्हणून तो येतो, बिघाड नाही. ओके म्हणा आणि कामाला लागा. फक्त मोजावेत असताना आतल्या डिस्कवर फर्स्ट एड चालवू नका, ती तपासणी मॉन्टेरेतून किंवा तिच्या रिकव्हरीतूनच करा.