भांडण नाही, पण जवळीकही नाही. रोजच्या धावपळीत भावनिक नातं कसं जोडायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घणसोलीत राहता, दोघांची नोकरी, तुमचं ऑफिस अंधेरीला. घरात बोलणं होतं ते दूध, हप्ता आणि मुलीचा क्लास यांबद्दल. बायको म्हणते, "मला तुला काही सांगावंसंच वाटत नाही."

म्हणजे तुम्ही बोलत नाही, ही तिची तक्रारच नाही. घोडं अडलंय ते ऐकण्यापाशी.

तिच्या वडिलांच्या आजारपणात तुम्ही रजा टाकून धावपळ केलीत, मग आणखी काय हवं, असंही तुम्ही विचारलंय. ते उत्तमच केलंत. पण दुःखात धावून जाणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कुणी अ‍ॅडमिट आहे म्हटलं की शेजारून डबा येतो, रक्त द्यायला पोरं उभी राहतात. आपली पंचाईत होते ती समोरचा आनंदाचं काही सांगतो तेव्हा.

समजा, ती संध्याकाळी म्हणाली, "आज साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं." यावर एक उत्तर म्हणजे "अरे वा", आणि डोळे परत मोबाईलमध्ये. दुसरं, "आता बघ, तुझ्याच डोक्यावर काम टाकतील." तिसरं, "गॅस बुक केलास का?" आणि चौथं, "हो? काय म्हणाले नेमकं? सगळ्यांसमोर?" शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जोडप्यांच्या अशाच प्रतिसादांचा अभ्यास मांडला. त्यांनीही चारच प्रकार केले होते. जवळीक आणि समाधान जास्त दिसलं ते फक्त चौथ्या प्रकारासोबत. बाकी तिन्ही उलट्या बाजूला, सभ्य "अरे वा"सुद्धा. २००६ च्या पुढच्या अभ्यासात तर असं दिसलं की नातं कसं आहे हे वाईट बातमीवरच्या प्रतिसादापेक्षा चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादातून जास्त कळतं.

दुसरं उत्तर देणारी माणसं स्वतःला व्यवहारी समजतात. त्यांना गाडी घेतली म्हणून सांगा, म्हणतील, "पार्किंगचं काय करणार?" ठाण्यात हा प्रश्न रास्तच आहे म्हणा, पण तो उद्या विचारला तरी चालतो.

मी बरीच वर्षं ठाण्याहून सीएसएमटीला नोकरीसाठी जायचे. लेडीज डब्यात आमचा ग्रुप होता. दसऱ्याला डबा झेंडूने सजायचा, कुणाचं डोहाळजेवणही तिथेच उरकायचं. पण मला आठवतं ते साध्या दिवसांचं बोलणं. एकीने "मुलगी पोहायला शिकली" एवढं म्हटलं की मुलुंड ते घाटकोपर तोच विषय. कुठे जाते, भीती गेली कशी, पाण्यात पहिल्यांदा कुणी सोडलं! कितीतरी बायका घरच्यांच्या आधी बातमी डब्यात फोडायच्या, आणि मला त्यात नवल वाटत नाही. तिथे पुढचा प्रश्न येणार याची खात्री असायची.

बरं, बातमी दरवेळी कुठून आणायची? तीही लागत नाही. "बघ, पारसिकच्या डोंगरावर काय ढग उतरलेत" हीसुद्धा एक हाकच असते. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांच्या अशा बारीकसारीक हाका मोजल्या आणि सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. टिकलेल्या जोडप्यांनी शंभरातल्या ८६ हाकांना ओ दिली होती, विभक्त झालेल्यांनी ३३ ला. आकडे डोक्यावर घेऊन नाचू नका. मुळात प्रेम होतं म्हणून ओ दिली गेली, असंही असू शकतं. पण खिडकीपाशी उठून जायला काही खर्च येत नाही.

आता तुमची अडचण. अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, तिथून ठाणे, मग ट्रान्सहार्बर लोकल. एवढं करून आलेल्या माणसाला दारातच कुणी गोष्ट सांगू लागलं तर डोकं चालत नाही, मान्य. मग ऐकण्याचं नाटक करू नका. "अंघोळ करून येतो, मग नीट सांग" म्हणा. आणि अंघोळ झाल्यावर विषय तुम्ही काढा. ती पुन्हा सांगेल याची वाट पाहत बसलात तर मेहनत वाया गेली. दोन दिवसांनी "त्या मीटिंगचं पुढे काय झालं?" हे विचारलंत तर आणखी चांगलं. उगाच टाळ्या पिटायची गरज नाही. अबोल माणसाला एक खरा प्रश्न पुरतो. न विचारता सल्ला मात्र देऊ नका. सुरुवातीला ती म्हणेलच, "आज काय झालंय तुला?" हसून सोडून द्या. आणि तुमच्या ऑफिसातलंही एखादं बरं काही सांगत जा, नाहीतर तुमचे प्रश्न उलटतपासणीसारखे वाटतील.

दोघांपैकी कुणाची झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र हे उपाय तोकडे आहेत. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन लावा. ठाण्यात आयपीएचसारखी मानसिक आरोग्याचं काम करणारी जुनी संस्थाही आहे.

राहिला तुमचा ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर जाऊन "एकदाचं सगळं बोलून टाकायचं" हा बेत. येऊरला जरूर जा. पण "आपल्या नात्याबद्दल बोलूया" अशी सुरुवात करू नका, ऐकूनच पोटात गोळा येतो. कणीस खा, फिरा, आणि ती काही दाखवेल तिकडे बघा.