बाबांना जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, आधी हे वाचा

ताई, तुम्ही ग्वाल्हेरहून लिहिलंय की बाबांच्या गालाच्या कॅन्सरची सिकाई, म्हणजे रेडिएशन, चालू आहे, अठरा झाल्यात, तोंड सोलून निघालंय, आठ दिवसांपासून मॉर्फीनची गोळी आहे. पाच-सहा दिवस पोट साफ झालं नव्हतं आणि काल रात्रीपासून पातळ होतंय. जुलाबाची गोळी द्यावी का आणि काका म्हणतात तशी मॉर्फीन बंद करावी का, असं तुम्ही विचारलंय. वाचून हातपाय गार पडले. 2019 मध्ये इंदूरला, सुदामा नगरातल्या आमच्या घरी, यांच्या बाबतीत हेच झालं होतं. मी ती गोळी दिली होती.

मी डॉक्टर नाही. शाळेत शिकवायचे. पण एवढं ठामपणे सांगते की डॉक्टरांनी पोट तपासल्याशिवाय जुलाब थांबवायचं काहीही देऊ नका, आणि आजच दाखवा, सोमवारची वाट बघू नका. पोट फुगलं असेल, उलट्या होत असतील तर आत्ताच निघा.

आमचं काय झालं ते सांगते. यांना मॉर्फीन सुरू झाली त्या रात्री हे तीन आठवड्यांनी पहिल्यांदा सलग झोपले. मी देवापुढे दिवा लावला. त्याच चिठ्ठीत रात्री घ्यायच्या पोट साफ होण्याच्या दोन गोळ्याही होत्या. त्या मी दिल्या नाहीत. माझा हिशेब असा, की पोटात जातंय काय, तर पेज आणि मूगडाळीचं पाणी, मग बाहेर तरी काय पडणार? शिवाय गिळायला इतका त्रास, त्यात आणखी दोन गोळ्या कशाला कोंबायच्या? पाचव्या दिवशी सासूबाईंनी इसबगोल द्यायला सांगितलं, ते दिलं. आठव्या दिवशी अंथरुणात पातळ झालं. मला वाटलं पेज बाधली. मेडिकलवरून जुलाबाच्या गोळ्या आणल्या आणि दोन दिवस दिल्या.

तिसऱ्या रात्री पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, उलटी थांबेना, आणि उलटीत मॉर्फीनही पडून जायची, त्यामुळे तोंडाची आग पुन्हा पहिल्यासारखी. कॅज्युअल्टीतल्या एका तरुण डॉक्टरने हातमोजा घालून तपासलं आणि म्हणाला, आत दगड झालाय, तुम्ही जे जुलाब समजत होता ते त्याच्या कडेने झिरपत होतं. एनिमा दिला, तेवढ्याने भागलं नाही, हाताने काढावं लागलं. माझा धिप्पाड नवरा त्या टेबलावर लहान मुलासारखा रडला. तीन सिकाया चुकल्या. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये सिकाईत खंड पडू द्यायचा नसतो, हे सिकाईच्या डॉक्टरांनी मला चांगलंच सुनावलं. सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच झालं. यांनी मॉर्फीन घ्यायचीच नाकारली. "त्यापेक्षा तोंड दुखलेलं परवडलं," म्हणाले. नऊ दिवस तसेच काढले. त्या नऊ दिवसांचा दोष मी अजून स्वतःलाच देते.

नंतर वेदनेच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. मॉर्फीन मेंदूत जसं काम करते तसंच आतड्यावरही करते. आतड्याची हालचाल मंदावते, मळातलं पाणी शोषलं जातं. मळमळ आणि गुंगी तीन-चार दिवसांत बहुतेकांची कमी होते, शरीर सवय करून घेतं. बद्धकोष्ठाची मात्र सवय होत नाही. म्हणून मॉर्फीन जितके दिवस, तितके दिवस पोटाचं औषध, पहिल्या गोळीपासून. आणि ते आतडं हलवणारं हवं, बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखं, गरज पडली तर जोडीला मळ मऊ करणारं लॅक्ट्युलोज. कोणतं आणि किती ते डॉक्टर ठरवतील. इसबगोल यात उपयोगाचं नाही. त्याला भरपूर पाणी लागतं, आणि आतडं हलतच नसेल तर तो गोळा आत साचतो.

आता काकांचं. बंद करा म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात, आमच्याकडे दोन होते. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या मॉर्फीनचं व्यसन लागण्याची भीती फार वाढवून सांगितली जाते. उलट रोज घेत असताना एकदम थांबवली तर घाम, बेचैनी, पोटात मुरडा, आणि दुखणं दुप्पट. कमी करायची तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात. सिकाई संपून तोंड भरून आल्यावर यांची तशीच सुटली. आणि चिठ्ठीत दर चार तासांनी लिहिलं असेल तर घड्याळ लावून चार तासांनीच द्या. "सोसवेना झालं की मागतील" म्हणून थांबू नका. दुखणं शिगेला पोचलं की तीच गोळी अपुरी पडते. मधेच कळ उठली तर द्यायचा जास्तीचा डोस किती, आणि रात्रीची झोप मोडू नये म्हणून झोपतानाचा डोस वेगळा असतो का, हे दोन्ही विचारून लिहून घ्या.

गोळी मिळवण्याचाही त्रास सांगून टाकते. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी मला सहा दिवस दोन खिडक्यांमध्ये फिरवलं. एक म्हणे इथे ठेवत नाही, दुसरी म्हणे चिठ्ठीवरची सही जुळत नाही, मग म्हणे पेशंटलाच घेऊन या. तोंडातून रक्त येणाऱ्या माणसाला खिडकीपुढे उभं करायचं! नीमच-मंदसौरला अफूची शेती, नीमचला सरकारी अफू कारखाना, आणि त्याच माळव्यात माझा माणूस रात्रभर विव्हळत होता. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्याच्या धाकाने कितीतरी ठिकाणी मॉर्फीन ठेवणंच बंद झालं होतं. 2014 मध्ये कायदा दुरुस्त होऊन मान्यता मिळालेल्या संस्थांना ती ठेवणं सोपं झालं, पण खिडकीतल्या माणसाची भीती अजून गेलेली नाही. म्हणून मेडिकल पालथी घालू नका. सरळ पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारा विभाग, किंवा पेन क्लिनिक कुठे आहे ते विचारा. पॅलिएटिव्ह म्हणजे आशा सोडली असं मुळीच नाही, उपचार चालू असतानाही तिथे जातात. डोस आणि एकूण गोळ्या स्पष्ट लिहिलेली तारखेची चिठ्ठी, तिच्या दोन झेरॉक्स, आणि गोळ्या संपायच्या चार-पाच दिवस आधी फेरी. शनिवार-रविवार मध्ये येतात ते धरा.

तोंडासाठी आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते एका ग्लास कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी गुळण्या. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. बधिर करणारं जेल जेवणाआधी देतात, पण घसाही बधिर होतो, ठसका लागू शकतो, जपून. नाकातून नळी घातली असेल तर कोणती गोळी कुटायची ते विचारा. चार तासांची साधी मॉर्फीन कुटून देता येते, पण बारा तास हळूहळू सुटणारी गोळी कुटणं म्हणजे सगळा डोस एकदम देणं, त्यात जीव जाऊ शकतो. सिकाईसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी घेऊ नका, किडनीवर दोन्हीकडून मार बसतो. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर पॅरासिटामॉलने तो दाबत बसू नका, लगेच फोन करा. आणि जळजळ, करंट लागल्यासारखं, मुंग्या असं काही बाबा म्हणत असतील तर त्यांच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा. ते नसेचं दुखणं, त्याला औषध वेगळं असतं.

पुढचं एक आत्ताच सांगते, नंतर राहून जातं. जबडा आखडतो. आम्ही आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायचो आणि रोज किती मावल्या ते कॅलेंडरवर लिहायचो. बाराच्या सतरा व्हायला चार महिने लागले. हा व्यायाम कधी सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारून घ्या. सिकाई झालेल्या बाजूचा दात सिकाईच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच काढायचा नाही, पाच वर्षांनीही नाही. तिथलं हाड भरून येत नाही.

हे आता बिनमिरचीचा भुट्ट्याचा कीस खातात, लाळ कमी म्हणून शेजारी दुधाचा पेला लागतो.

ताई, डॉक्टरकडे गेल्यावर "जुलाब होताहेत" एवढंच सांगू नका. "आठ दिवस मॉर्फीन, सहा दिवस पोट साफ नाही, आणि आता पातळ," हे याच क्रमाने सांगा. जाऊन आलात की इथे लिहा. मी रात्री जागीच असते.