राजकीय हत्येवरचे ॲक्शन थ्रिलर उत्तरार्धात का ढेपाळतात?

सुरुवात जोरदार असूनही मध्यंतरानंतर सगळं पळापळीत का संपतं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते घोळ मध्यंतराच्या आधीच झालेला असतो. नेत्याला मारायचं एवढंच लेखकाने ठरवलेलं असतं. याच दिवशी का, याच जागी का, याचा विचारच नसतो. मग ती पोकळी गोळीबाराने भरावी लागते.

नाशिकचं १९०९ सालचं प्रकरण बघा. कलेक्टर जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती. तो गेला की हातातून सुटला. म्हणून निरोपाच्या नाटकाची रात्र ठरली आणि २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. बदलीच्या एका हुकमाने कटवाल्यांची घाई झाली. पटकथेला असं कारण मिळालं, की पुढचे प्रसंग त्यातूनच सुचत जातात.

दुसरी गोष्ट बंदोबस्ताची. मी बेळगावजवळच्या हलग्याकडचा, सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटकचं इथलं विधानभवन, आमच्या शिवारालगतच. हिवाळी अधिवेशन आलं की रस्त्यावर बॅरिकेड लागतात, बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस येतात. त्यामुळे मारेकरी नुसता खाकी घालून थेट व्यासपीठापर्यंत पोचलेला दाखवला, की आमच्याकडची माणसं चिडतात. खानापूरचा माझा मावसभाऊ एकदा थिएटरातच मोठ्याने म्हणाला, “असं कुठं असतंय व्हय?” पण तोच प्रसंग पटवता आला असता. चार जिल्ह्यांचे पोलीस एकत्र आलेत, कुणी कुणाचा चेहरा ओळखत नाही, एवढं आधी दाखवलं असतं तर त्या खाकीला अर्थ आला असता. दोन मिनिटांचं काम होतं ते. लेखकाने तेवढेही कष्ट घेतले नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, उत्तरार्ध. गोळी सुटली की बहुतेक लेखकांजवळचं सगळं संपतं. खरं तर गोष्ट तिथून पेटते. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून साहेब लोक गणेशखिंडीच्या रस्त्याने परतत होते. “गोंद्या आला रे” ही खूण झाली आणि दामोदर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट तिथेच गेला; ज्याच्यासाठी सगळा कट, तो रँड मात्र ३ जुलैपर्यंत जगला. ते अकरा दिवस चापेकरांच्या घरात कसे गेले असतील? पुढे सरकारने २०,००० रुपयांचं बक्षीस लावलं, ओळखीच्याच द्रविड बंधूंनी माहिती दिली आणि १८ एप्रिल १८९८ ला दामोदरपंत फाशी गेले. धाकटा भाऊ वासुदेव मागे होता. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्याने आणि महादेव रानडेने द्रविडांना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या.