भोंगा वाजला की बाहेर नाही, आत

प्रश्न : ताई, नमस्कार. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या जवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. पुढच्या महिन्यात आपत्कालीन रंगीत तालीम आहे आणि शाळेपुरतं नियोजन माझ्याकडे आलंय. मागे एकदा आम्ही घंटा वाजवून मुलांना रांगेनं मैदानात नेलं, हजेरी घेतली आणि परत आणलं. या वेळी त्याहून खरं काही व्हावं असं वाटतं. पण पालक आधीच धास्तावलेत. कुठून सुरुवात करू?
– एक शिक्षिका, पालघर तालुका

उत्तर : बाई, सुरुवात त्या मैदानापासूनच करू या. भूकंपासाठी तुम्ही केलंत ते योग्यच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धक्के बसायला लागले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या मुलांच्या अंगात 'हललं की बाहेर' हे मुरलंय. अणुकेंद्राच्या तालमीत मात्र याच्या बरोबर उलट करायचं असतं. किरणोत्सारी वायू आणि धूळ बाहेर पडलीच, तर ती वाऱ्याबरोबर सरकत पुढे जाते. ती डोक्यावरून जात असताना पक्क्या भिंतींच्या आत, दारं-खिडक्या लावून बसणं हा पहिला बचाव. म्हणून दोन्ही इशाऱ्यांचे आवाज वेगळे ठेवा. भूकंपाला घंटा, याला लांबलचक शिट्टी. आणि पहिलीच्या मुलाला मधूनच विचारून पाहा, 'ही शिट्टी वाजली तर कुठे जायचं?' ते गोंधळलं, तर तालमीची तारीख पुढे ढकलायला सांगा. मी तरी सांगेन.

आता खिडक्या. मी महसूल खात्यात होते, शेवटची काही वर्षं आपत्ती व्यवस्थापनाचं काम पाहिलं. एका शाळेत तालमीच्या दिवशी आठपैकी तीन खिडक्या लागेचनात. खाऱ्या हवेनं कड्या गंजून गेल्या होत्या. वर सिमेंटच्या जाळ्या होत्या, त्या कशानं बंद करायच्या याचा विचारच कुणी केला नव्हता. तेव्हा या आठवड्यात कड्यांना तेल घाला, जाळ्यांच्या मापाचं प्लास्टिक कापून ठेवा, चिकटपट्टी कपाटात ठेवा आणि त्या कपाटाची किल्ली दोघींकडे असू द्या. पंखे बंद. खिचडी शिजवणाऱ्या ताई शेडमध्ये असतील, तर त्यांनीही चूल विझवून, पातेल्यावर झाकण ठेवून आत यायचं. त्यांना बहुतेक ठिकाणी विसरतात. स्वच्छतागृह अंगणापलीकडे असेल, तर दोन-तीन तास मुलं काय करतील? कोपऱ्यात पडदा आणि झाकणाची बादली. हे लिहायला अवघड वाटत नाही, पण कागदावर कुणी लिहीत नाही.

वाऱ्याची गोष्ट मुलांना जरूर शिकवा. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून सुटतात, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा. म्हणजे धोका सगळ्या गावांना सारखा आणि एकाच वेळी नसतो. केंद्राभोवतीचा १६ किलोमीटरचा टापू नियोजनात धरतात, त्याचे दिशेप्रमाणे १६ भाग पाडतात आणि वारा ज्या भागाकडे असेल, तिथे आधी आदेश जातो. आपली शाळा कुठल्या भागात येते ते तहसील कार्यालयात विचारून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. केंद्राबाहेरच्या आणीबाणीची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. घरात थांबायचं, गोळी घ्यायची की गाव सोडायचं, हा निर्णय तिथून येतो. आपण आपल्या मनानं टेम्पो भरून निघायचं नाही. २०११ मध्ये फुकुशिमा परिसरातून रुग्णालयं आणि वृद्धाश्रम घाईघाईनं रिकामे केले, तेव्हा पन्नासहून अधिक रुग्ण त्या हलवाहलवीतच आणि तिच्यापाठोपाठ दगावले. गावात अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, याची यादी आशाताईंकडे असते. ती मागून घ्या.

गोळी म्हणजे पोटॅशियम आयोडाइड. ती फक्त गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला राखते, बाकी शरीराला नाही. आदेश आल्यावरच घ्यायची आणि वेळेवर घ्यायची, एक दिवस उलटून गेल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, लहानांना वयाप्रमाणे कमी. तालमीत गोळीऐवजी नाव लिहिलेली चिठ्ठी वाटा आणि सगळ्या मुलांपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एका कोळीवाड्यात आमची जीप भोंगा वाजवत शिरली. वलांडीवर बोंबील सुकत होते, अर्धे वाळलेले. एक म्हातारी घरात जायच्या ऐवजी भराभर बोंबील उतरवायला लागली. मी धावत गेले, तर म्हणाली, "पोरी, हे आत नेऊ की टाकून देऊ? खायचे का नंतर?" मी गप्प. माझ्याबरोबरचे साहेबही गप्प. पाटीभर बोंबील घेऊन ती आत गेली. खरी वेळ असती, तर अंगावरची आणि मासळीवरची धूळ तिनं स्वतःच्या हातांनी घरात नेली असती आणि आम्ही बघत राहिलो असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिचा प्रश्न पुढच्या तालमीत मी लेखी घातला.

उत्तर असं : उघड्यावरचं उघड्यावरच राहू द्यायचं. नमुने तपासून 'चालेल' असं सांगितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. घरातलं झाकलेलं अन्न आणि झाकलेलं पाणी चालतं. विहिरीवर ताडपत्री, गुरं गोठ्यात, वैरण आतली. दुधाची काळजी सगळ्यात जास्त. किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसतं, गायीच्या पोटातून दुधात उतरतं आणि दुधातून मुलाच्या थायरॉइडमध्ये साठतं. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर त्या भागातल्या त्या वेळच्या मुलांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण आढळले, त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत कारण होतं ते दूध. या आयोडीनची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होते, म्हणून काही आठवड्यांचा संयमही खूप काही वाचवतो. तुमच्या पालकांना हे सगळं समजतं, बाई. नुसतं 'घाबरू नका' म्हटलं की माणूस जास्त घाबरतो.

पालकसभा भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा ठेवा, डोल जाळ्यांच्या बोटी किनाऱ्याला असतात, बाप्ये भेटतील. त्यांना एक गोष्ट कबूल करून घ्या : शिट्टी वाजली की मूल न्यायला शाळेकडे धावायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे. मी आई आहे, मला माहीत आहे. म्हणून वर्गाचं दार आतून लावलेलं, मुलं भिंतीकडेला बसलेली, पाण्याचं पिंप भरलेलं, हे त्यांना सभेतच दाखवा. डोळ्यांनी पाहिलं की आई घरी थांबू शकते. समुद्रात असलेल्यांना वायरलेसवर कोण सांगणार आणि त्यांनी कुठल्या बंदराला लागायचं, हे मच्छीमार सोसायटीच्या लोकांना त्याच सभेत विचारा.

आणि तालमीच्या दिवशी कुणाला न सांगता एक किल्लीवाली बाई रजेवर ठेवा. मग घड्याळ लावा. सगळ्या खिडक्या लागायला किती मिनिटं गेली, ते मला पत्रानं कळवा. मी वाट पाहते.