जिनिंग प्रेसच्या पीएलसीचे जुने सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालवता येईल का?

धुळ्याजवळच्या तुमच्या कारखान्यात कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर सीमेन्सचा एस७-२०० पीएलसी (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) आहे आणि नंतर बसवलेल्या कन्व्हेयरवर त्याच कंपनीचा नवा एस७-१२०० आहे. विंडोज ७ चा जुना लॅपटॉप आता कधी बंद पडेल याचा नेम नाही, म्हणून मालकांनी विंडोज ११ चा नवा लॅपटॉप दिला, पण त्यावर पीएलसीला जोडायची यूएसबी केबलच ओळखली जात नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मी जळगाव एमआयडीसीत चटई आणि पाइपच्या एक्स्ट्रूडरची, तसेच दाळ मिलच्या पॅनलची कामे करतो आणि हा प्रश्न सध्या जवळपास प्रत्येक कारखान्यात निघतो. माझे मत असे की मायक्रोविन, म्हणजे एस७-२०० चा प्रोग्राम लिहिण्याचे सीमेन्सचे जुने सॉफ्टवेअर, थेट विंडोज ११ वर बसवण्याच्या खटपटीत पडू नये. नव्या लॅपटॉपच्या आत व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) तयार करून त्यात विंडोज ७ ठेवावे आणि जुने सॉफ्टवेअर तेथेच चालवावे.

मात्र त्याआधी जुन्या लॅपटॉपमधून प्रोजेक्टच्या सर्व फाइल बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा. प्रेस चालण्यासाठी लॅपटॉप लागत नाही, कारण प्रोग्राम पीएलसीच्या मेमरीत असतो. परंतु "पीएलसीतून केव्हाही अपलोड करून घेऊ" या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. एस७-२०० मधून अपलोड केल्यावर नुसते लॅडर (शिडीसारख्या आकृतीतला प्रोग्राम) हाती येते, इनपुट-आउटपुटला दिलेली सिम्बॉलची नावे आणि कॉमेंट येत नाहीत, आणि मग कोणता इनपुट प्रेसच्या रॅमच्या (कापूस दाबणाऱ्या दट्ट्याच्या) लिमिट स्विचचा आणि कोणता दरवाजाच्या लॉकचा, हे पॅनलमधल्या वायरी मोजून शोधावे लागते. मशीन बनवणाऱ्याने पासवर्ड टाकलेला असेल, तर तेवढेही मिळत नाही. एचएमआयवरून (पॅनलवरच्या स्क्रीनवरून) भरलेल्या वेळा आणि दाबाच्या सेटिंग्ज वहीत उतरवून घ्या, हे जाता जाता सांगतो. त्या कायमस्वरूपी मेमरीत साठवलेल्या नसतील आणि वेगळी बॅटरीही बसवलेली नसेल, तर पीएलसीच्या सीपीयूमधला सुपर कपॅसिटर (थोडा काळ वीज साठवणारा भाग) त्यांना काही दिवसच सांभाळतो, आणि जिनिंग तर हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने बंद असते.

आता थेट इन्स्टॉल का करू नये ते सांगतो. मायक्रोविनच्या ४.० या शेवटच्या आवृत्तीला विंडोज ७ च्या पुढे अधिकृत पाठबळ मिळाले नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, आणि त्यातील 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा सोय जुने ड्रायव्हर (केबलसारखी उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) अडवते. ती बंद करा, कंपॅटिबिलिटी मोड लावा, असे सल्ले तुम्हाला पुष्कळ मिळतील आणि एखाद्या लॅपटॉपवर ते चालतीलही. पण पुढच्या अपडेटनंतर ऐन हंगामात, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, तोच लॅपटॉप पीएलसीशी बोलेनासा झाला तर दोष तुमच्यावरच येणार.

व्हर्च्युअल मशीनसाठी व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो वापरता येते. नोव्हेंबर २०२४ पासून ते व्यावसायिक वापरासाठीही मोफत आहे. विंडोजसोबत मिळणारे हायपर-व्ही या कामाला उपयोगी नाही, कारण त्यात यूएसबी केबल आतल्या मशीनला थेट देता येत नाही. आत विंडोज ७ ची वैध प्रत टाका आणि त्या मशीनला इंटरनेट देऊ नका, कारण विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. या पद्धतीचा खरा फायदा पुढे कळतो: सारे व्हर्च्युअल मशीन म्हणजे एक फोल्डर असते, त्याची प्रत हार्ड डिस्कवर ठेवली की लॅपटॉप बदलला तरी सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागत नाही.

केबल न ओळखली जाण्याचे कारण बहुतेक तिच्या आतल्या चिपमध्ये आहे. स्वस्त यूएसबी-सिरियल केबलमध्ये पीएल२३०३ या चिपची जुनी आवृत्ती किंवा तिची नक्कल असते आणि नवा ड्रायव्हर तिला जाणूनबुजून नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि पुरवठादाराशी संपर्क साधा अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसत असेल, तर हेच घडले आहे. तीच केबल व्हर्च्युअल मशीनला जोडली की आतला जुना ड्रायव्हर तिला सहसा स्वीकारतो, तरी नवी घ्यायची असल्यास एफटीडीआय कंपनीच्या चिपची घ्यावी. विंडोजने केबलला दिलेला पोर्ट क्रमांक कॉम १३ वगैरे आला असेल, तर पोर्ट सेटिंग्जच्या अॅडव्हान्स्ड खिडकीतून तो एक अंकी करा. मायक्रोविनमध्ये पीसी/पीपीआय केबल (एस७-२०० ला जोडायची केबल) निवडून पीएलसीचा पत्ता २ आणि वेग ९.६ केबीपीएस ठेवा. कोणी मुद्दाम बदलले नसेल तर पीएलसी याच मूळ सेटिंगवर असतो.

एस७-१२०० चे काम सोपे आहे, कारण त्याच्यासाठीच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरच्या व्ही१८ आणि त्यापुढील आवृत्त्या विंडोज ११ वर अधिकृतपणे चालतात. जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडताना त्याचे रूपांतर होते आणि तो मागच्या आवृत्तीत परत नेता येत नाही, म्हणून मूळ प्रत बाजूला ठेवा. जुन्या लॅपटॉपवर टीआयए पोर्टलचे लायसन्स असेल, तर तो फॉरमॅट करण्यापूर्वी सीमेन्सच्या ऑटोमेशन लायसन्स मॅनेजरमधून लायसन्स-की पेनड्राइव्हवर हलवा. डिस्कच्या मुळाशी एएक्स एनएफ झेडझेड नावाचे एक लपवलेले फोल्डर असते, ते कचरा समजून उडवले की लायसन्स गेले.

स्काडाचा (सर्व मशीनवर एकाच पडद्यावरून देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) संगणकही याच वेळी बदलावा का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. स्काडा आणि ओपीसी सर्व्हर (पीएलसीची माहिती स्काडाला पुरवणारे सॉफ्टवेअर) वेगवेगळ्या संगणकांवर असून जुन्या ओपीसी डीए पद्धतीने बोलत असतील, तर मार्च २०२३ पासून विंडोजने डीकॉमची (त्या पद्धतीला लागणाऱ्या, दोन संगणकांतल्या प्रोग्रामना जोडणाऱ्या सोयीची) कडक सुरक्षा कायमची चालू केल्यामुळे तो दुवा तुटू शकतो, आणि तो जोडायला निवांत वेळ लागतो. लॅपटॉपचे काम दसऱ्याआधी उरका, प्रेसवर प्रत्यक्ष ऑनलाइन जाऊन तपासा, आणि स्काडाला हंगाम संपल्यावरच हात लावा.