माफीनामा राहू द्या, आधी उत्तर लिहा

प्रश्न : मी मूळची सांगलीची असून लग्नानंतर दक्षिण कोरियात, सोलमध्ये राहते. माझी धाकटी नणंद मॉडेल आहे. शाळेत असताना तिने छळ केला, असे तिच्या एका वर्गमैत्रिणीने इंटरनेटवर लिहिले आणि आठवड्याच्या आत हातातली मोठी जाहिरात गेली. त्या मुलीने आधी काकाओटॉक या इथल्या मेसेजिंग अॅपवर मेसेजही केला होता, पण नणंदेने तो वाचून सोडून दिला. आता एजन्सी म्हणते, हस्तलिखित माफीनामा टाका आणि बदनामीची फिर्यादही करा. माफीनाम्याची भाषा कशी असावी?

उत्तर : जाता जाता लिहिलेल्या तुमच्या एका वाक्यापाशी मी अडले आहे. काकाओटॉकवर मेसेजशेजारचा पिवळा ‘१’ समोरच्याने मेसेज उघडताच नाहीसा होतो, हे तुम्ही रोज पाहता. त्या मुलीच्या फोनवरही तो नाहीसा झाला आणि पुढे काहीच आले नाही. त्यानंतर तिने जगाला सांगितले. आरोप खोटा आहे, असे तुमच्या पत्रात कुठेही नाही, हेही मी पाहिले.

जाहिरातीच्या करारात प्रतिष्ठा जपण्याचे कलम असते आणि ते मोडल्यास मानधनाच्या पटीत भरपाई मागितली जाते, म्हणून एजन्सीची घाई मला समजते. परंतु माफी आणि फिर्याद एकाच पाकिटात घालण्याचा हा प्रकार मला किळसवाणा वाटतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हॉलीबॉलपटू ली जे-यंग आणि ली दा-यंग या जुळ्या बहिणींनी शाळेतल्या छळाबद्दल असेच हस्तलिखित माफीनामे टाकले, आणि एप्रिलमध्ये त्या तक्रारदारावरच खटल्याची तयारी करत असल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर त्या माफीनाम्यांना काय किंमत उरली? कोरियात इंटरनेटवर खरी गोष्ट लिहिली, तरी बदनामीचा हेतू ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ज्याची बदनामी झाली त्यानेच शिक्षा नको असे स्पष्ट सांगितले, तर हा खटला चालत नाही. म्हणजे किल्ली एजन्सीकडे नाही, तुमच्या नणंदेकडे आहे.

आज रात्री तिच्याशेजारी बसा आणि त्या जुन्या मेसेजला तिच्याकडून उत्तर लिहून घ्या : जे केले ते नाव घेऊन, आणि फिर्याद करणार नाही हेही. लिखाण काढून टाकण्याची विनंती त्यात नको, वकिलाचा शब्द नको. त्या उत्तराशेजारचा ‘१’ कित्येक दिवस तसाच दिसेल; दुसरा मेसेज पाठवू देऊ नका.